ओझे : एक बाई

३ नोव्हेंबर १९८६, पांढुर्णा

साडेअठरा. शॉकपच्या वरच्या-खालच्या खुंट्यांत पुन्हा टेप लावली. साडेअठराच.

जीपखाली पाठीवर पडलेला मी, तोंडावर माती. रशीद मिस्त्री बाजूला उकिडवे बसून बिडी ओढत होते. म्हणाले, "सर, सुट्टी लागली तर घरी झोपा ना. इथं काऊन झोपून राहिले?"

धक्के शोषणारा तो मागचा शॉकप सोडवून जमिनीवर पूर्ण ओढला. एकोणीस इंच. म्हणजे जीप नुसती उभी असतानाच तो जवळजवळ संपलेला. उघडायला अर्धा इंच उरतो. चाक खड्ड्यात उतरू लागले की हा त्याला जाऊ देत नाही, पकडून ठेवतो, आणि वरची सगळी गाडी खाली हिसकली जाते. पाठोपाठ कमान, म्हणजे चाकावरची पट्ट्यांची स्प्रिंग, तिला वर फेकते.

जीप शामरावजींची. मोहगावच्या पुढे त्यांचे संत्र्याचे बगीचे. वाटेतल्या नाल्यात जीपचे पोट दगडांना लागायचे म्हणून त्यांनी दोन वर्षांपूर्वी ती चार इंच उंच करून घेतली. कमानीत दोन-दोन पट्टे वाढवले. शॉकप जुनेच ठेवले.

मिस्त्री म्हणाले, "पोरगं वाढलं अन् पायजमा तोच राहिला."

"हे काम केलं कोणी?"

"मीच."

ते हसले. मला हसू आले नाही. या अर्ध्या इंचात माझ्या आत्याचा डावा डोळा गेला आहे.

४ नोव्हें.

नीट लिहून ठेवतो. रागात तपशील हलतात.

देवकाआत्याने मला वाढवले. तीस वर्षे ती शामरावजींच्या बगीच्यात संत्री निवडते. हातात घेतले की सांगते, हे नागपूरला जाईल, हे कलकत्त्याला टिकेल. मागच्या जानेवारीत सौंसरच्या नेत्रशिबिरात तिच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. आठव्या दिवशी शामरावजींच्या जीपमधून घरी पाठवली. मागे, फळीवर, एकटी. नाल्यात जीपने तीन हिसके दिले. तिने हिरव्या पट्टीवर हात धरला. दुसऱ्या दिवशी पट्टी लाल.

पंधरा दिवसांनी डॉक्टरने कागदावर हिंदीत लिहिले : 'मरीज़ की असावधानी से।'

बस, एवढेच. क्रियापद नाही. अकरा वर्षे मुलांना कर्ता, कर्म शिकवतो. या ओळीत जीप नाही, नाला नाही, चालवणारा नाही, ज्याने चार इंच वाढवले तो नाही. आहे फक्त आत्या, आणि तीही षष्ठीत.

उजवा डोळा येत्या २४ तारखेला. उरलेला एकच. तोही गेला तर—

आठव्या दिवशी तिला घरी पोचायलाच हवे. मामाजी, तिचे यजमान, चार वर्षे अंथरुणावर. शेजारणी आठ दिवस भरवतील, त्यापुढे कोणाला सांगायचे? माझी पांढुर्ण्याची खोली माडीवर, जिना उभा शिडीसारखा. गावापर्यंत बस जात नाही. बैलगाडीला कमान नसते. मी म्हटले, खाटेवर झोपवून चौघे जण उचलून आणू.

आत्या म्हणाली, "खाटीवर मले एकदाच न्या. तवा मी काई बोलणार नाई."

उरली जीप. डॉक्टर म्हणतात, आडवी न्या, धक्का नको. आडवी न्यायची तर मागेच.

७ नोव्हें.

शामरावजींचा ड्रायव्हर मनोहर आठवड्यातून दोनदा संत्री घेऊन इथल्या बाजारात येतो. पेट्या उतरल्या की जीप दोन तास मिस्त्रींकडे. आज मिस्त्रींनी मागे ट्रकचे शॉकप बसवले. मी विचारायच्या आत.

तिगावकडे रुळांच्या कडेने कच्चा रस्ता जातो. मी मागे आडवा झालो, तळहात डोळ्यावर ठेवला, मनोहरला म्हटले, चालव. पहिल्याच चाकोरीत डोके फळीवर आपटले. दुसऱ्या ठिकाणी हाताची बोटे डोळ्यात गेली. परत आलो तेव्हा डोळा लाल होता. माझा. त्यात टाका नाही, जखम नाही.

"हेवी ड्यूटी हाय, सर. दहा वर्षं काई होत नाई."

"शॉकपाला होत नाही. माणसाचं काय?"

"माणसाची गॅरंटी कोण देते?"

मिस्त्री वाईट माणूस नाही. त्यांच्याकडे चांगल्याला एकच शब्द आहे, कडक. चहा कडक, इस्त्री कडक, शॉकप कडक. मी म्हटले, मला नरम हवा. ते मान खाली घालून म्हणाले, "नरम म्हणजे खराब झालेला, सर. नरम झाला का आम्ही फेकतो."

संध्याकाळपर्यंत मान वळत नव्हती.

९ नोव्हें., रविवार

शामरावजींकडे गेलो. दोन वाढीव पट्टे काढा म्हणून सांगायला. ओसरीवर बसवले, चहा दिला. मास्तर, मास्तर करतात. आदराने वागवतात, म्हणून जास्त संताप.

त्यांनी निवडणाऱ्या बायांतून एकीला हाक मारली, बाजारातून परत आलेल्या पेटीच्या तळचे संत्रे आणायला लावले. माझ्या हातात दिले. "पाहा. तळचं हाय. एक डाग दाखवा. जीप उंच केल्यापासून एक डाग नाई."

"आत्याच्या डोळ्याला पडला."

शामरावजींनी कप खाली ठेवला. मग : "ते तर डॉक्टरनं लिहून देलं ना जी, का बाईनंच काळजी नाई घेतली."

म्हणजे कागद त्यांनीही वाचला आहे. आत्याच्या पत्र्याच्या पेटीतला कागद त्यांच्या ओसरीपर्यंत कसा पोचला, विचारले नाही.

"एका दिवसासाठी पट्टे काढा. मी मिस्त्रीला सांगतो, दुसऱ्या दिवशी परत बसवेल."

"एका बाईसाठी कमान खोलाची? मास्तर, हंगाम चालू हाय. देवका आमच्या घरचीच बाई. जीप मी आजवर नाही म्हटली का? मागच्या टायमालेही देली, आताही देतो."

मग उठता उठता : "शॉकप काय लावाचे ते लावा. पट्ट्याले हात नाई लावाचा."

संत्रे हातातच राहिले होते. बसस्टँडवर एका बाईला दिले. खाववले नसते.

१० नोव्हें.

'आमच्या घरचीच बाई.' दिवसभर तेच. घरच्या माणसाला मागे फळीवर एकटे बसवून नाल्यातून नेतात? मागच्या वेळी पुढच्या सीटवर कोण होते ते आज मनोहरने सांगितले. शामरावजींचे मुनीम. सौंसरला केस कापायला गेले होते.

१४ नोव्हें., नागपूर

एक दिवसाची रजा. जुन्या-नव्या पार्टची गल्ली. सहा दुकाने. सगळीकडे हाच क्रम : कोणती गाडी, कोणतं साल, किती ओझं.

"एक बाई," मी म्हटले.

पाच दुकानांत हसले. सहाव्यात एक म्हातारा सरदारजी होता, तो हसला नाही. "आजारी आहे का?" असे मराठीतच विचारले. सांगितले. त्याने मापांचा कागद मागितला.

मग त्याने शिकवले. शॉकप घेताना पहिल्यांदा लांबी. पूर्ण दाबलेली, पूर्ण ओढलेली. गाडी उभी असताना तो मधोमध हवा. चाकाला वर यायला जेवढी जागा तेवढीच खाली जायला. उंच केलेल्या गाडीत लोक हेच विसरतात आणि ताकद शोधत बसतात. दुसरे, हात. शॉकप जमिनीवर उभा धरायचा, तळहाताने दाबायचा. ट्रकचा दाबला, हललाच नाही. "हा तुमच्या जीपमध्ये लोखंडी दांडा," म्हणाला. दुसरा सरळ खाली गेला, निर्जीव. "हा मेलेला." तिसरा. दाबताना सहज गेला, वर ओढताना अडून, सावकाश आला. "दगड लागला तर आत जाऊ देतो. मग कमानीला उसळू देत नाही."

दाबून चौदा. ओढून तेवीस. मध्य साडेअठरा.

चार शॉकपांचा एक जुळता संच कोपऱ्यात पडून होता, कोणी नेत नव्हते. नरम म्हणून. घेतले. गाडीत मांडीवर घेऊन आलो. समोरच्याने विचारले, काय आहे हो हे? सांगितले तर म्हणाला, चांगले कडक पाहून घेतले ना?

१८ नोव्हें.

बसले. मिस्त्रींनी वरच्या खुंट्या थोड्या हलवल्या, रबर नवे घातले. तक्रार न करता. मनोहरला बाजूला सारून स्वतः चालवली, अनवाणी. पायाला कळते म्हणाले.

खाली ओढणारा हिसका गेला. पूर्ण गेला. तिगावच्या रस्त्यावर ज्या खड्ड्यात डोके आपटले होते तिथे गाडी उतरली आणि चढली, इतकेच. मी आडवाच. वर पाहत. दोन आठवड्यांत पहिल्यांदा बरे वाटले, ते एक फर्लांग टिकले. मग बारीक दगडांचा पट्टा आला आणि मागची बाजू टुणटुण उडू लागली. मोठा धक्का नाही. उडी. उडी. उडी.

मिस्त्रींनी गाडी थांबवली. "शॉकप चांगला आणला, सर. मी मानतो. पन शॉकप फक्त उडी मोडते. उडीच लागू नाई द्याची ते कमानीचं काम. अन् कमान पेट्यांसाठी बनली. रिकाम्या गाडीत ते वाकतच नाई."

"मग?"

"पट्टे काढा लागते."

पट्ट्यांना हात लावायचा नाही. सगळे जण बरोबर आहेत आणि आत्याला आडवे पडून उडायचे आहे.

२४ नोव्हें., सौंसर

ऑपरेशन झाले. शिबिर शाळेत, बाके बाहेर, जमिनीवर ओळीने गाद्या. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, मान हलू नये म्हणून. खोकू नका, शिंकू नका, हसू नका. हसू नका, हे ऐकून आत्याला हसू येत होते.

डॉक्टर नवे. तरुण. जुना कागद दाखवून मी विचारले. वाचला, घडी घातली, परत दिला. डॉक्टर लोक आपसात सांभाळतात.

२८ नोव्हें.

शाळा सुटल्यावर बसने सौंसर. आत्याजवळ बसलो. दोन्ही डोळे झाकलेले, तोंड वर. मी काय करून राहिलो ते तिला सगळे पहिल्यांदा सांगितले. शॉकप, साडेअठरा, सरदारजी, टुणटुण.

"पेट्या असल्या का उडत नाई म्हनते?"

"नाही उडत."

"मंग?"

मी तिच्या अंगावरची चादर नीट केली.

"आनंदा, भरली पेटी डागत नाई. अर्धी पेटी डागते. अर्ध्या पेटीत गवत किती बी घाल, संत्रं उड्या मारते. मी तीस वर्षं पाहून राहिली. अर्धी पेटी आली का मी परत पाठवतो, भरून आण म्हनतो."

"मग काय करू?"

"मले काय इचारतं? तू शिकला. पेटी भरून आण."

महिनाभर टेप घेऊन मी लोळलो. मिस्त्रीला विचारले, मालकाला विचारले, नागपूरच्या सहा दुकानांत विचारले. जिचा डोळा, तिला विचारले नाही. शामरावजींवरचा राग थोडा वेळ बाजूला राहिला. स्वतःचाच आला.

बसमध्ये हिशेब. ओझ्याने जीप दीड इंच बसली तर शॉकप सतराला. दाबायला तीन इंच, उघडायला सहा. पुरते. जुन्या शॉकपांत हे ओझे घालूनही नाला निघाला नसता. मोठ्या दगडावर ते पुन्हा टोकाला गेले असते. म्हणजे नागपूर वाया गेले नाही. एवढे तरी.

३० नोव्हें., रविवार

गावात. शामरावजींना म्हटले, मंगळवारी जाताना जीपमध्ये वाळूची पोती टाकतो. म्हणाले, वाळूने तळ खराब होतो, उद्या त्यात फळ ठेवायचे आहे. मग पेट्या ठेवा, म्हटले. भरलेल्या, बाजाराला नेता तशा अठरा. सौंसरला नेऊन परत आणायच्या? लोक हसतील, म्हणाले.

आत्याच्या घरासमोर बाया बसल्या होत्या. निवडणीच्याच. सीताबाई, आत्याच्या बरोबरीची, अंगाने भरलेली. मी पोत्यांचे सांगत होतो.

"रेती कायले पाहिजे जी? आम्ही हाओ ना."

"तू दोन पेट्या," दुसरी म्हणाली.

"दोन अन् वरून गवत," सीताबाई म्हणाली. "सहा जनी आलो तं अठरा पेट्या होते का, मास्तर? का भाकर बांधून आनू?"

परत जाऊन शामरावजींना विचारले. विचारायला नको होते. सवय.

"सहा जनी? मास्तर, एवढी मानसं बसवली तं जीपचं काय होईन?"

"अठरा पेट्यांनी काही होत नाही."

"पेट्या भांडत नाई," ते म्हणाले.

हो म्हणाले नाहीत. नाही पण म्हणाले नाहीत.

२ डिसें., मंगळवार

बाया सकाळी पायी निघाल्या होत्या, मोहगावहून बसने सौंसर. दहा वाजता शिबिराच्या फाटकाशी सहाही जणी. एक दिवसाची मजुरी सोडून. हे मी कोणाला बोलून दाखवले नाही, त्यांनीही नाही.

मनोहर म्हणाला, "मालकानं फक्त बाईले आनाले सांगतलं."

सीताबाई तोपर्यंत चढली होती. "मंग उतरव मले."

मनोहरने तिच्याकडे पाहिले. उतरवणे कठीण होते.

"मी तं मालकाचीच मानूस हाओ," ती म्हणाली. "मालकाचा माल मालकाच्या जीपमध्ये. तुले काय तरास?"

खाली गादी, वर आत्या. डोके सीताबाईच्या मांडीत. बाकीच्या दोन्ही फळ्यांवर पाय वर घेऊन. मी मागे लटकलो. जीप खाली बसली, डोळ्यांनी दिसत होते.

मोहगावपर्यंत डांबर. पुढे कच्चा. बारीक दगडांचा पट्टा आला, मी दात आवळले. काही नाही. गाडी जड म्हशीसारखी चालत होती. आत बाया बोलत होत्या, कोणाच्या सुनेबद्दल. आत्याला हसू नको म्हणून त्या हसण्यासारखे काही सांगायच्या टाळत होत्या आणि ते जमत नव्हते.

नाल्याशी मनोहरने थांबवली. न सांगता उतरला, दगड पाहून आला, पहिल्या गिअरमध्ये घातली. मागच्या वेळी असे केले होते का, विचारायचे तोंडावर आले. विचारले नाही. नाला पुढे होता.

पहिला दगड. वर, खाली. दुसरा मोठा. मागचे डावे चाक खड्ड्यात गेले, गेले, गेले, आणि हिसका आला नाही. तिसऱ्याला एकदा खण्ण आवाज झाला. खालून. काय लागले कळले नाही. सीताबाईने दोन्ही हातांनी आत्याचे कान धरले, डोके धरायचे म्हणून. आत्या म्हणाली, "कान सोड वं. डोया हाय म्हटलं, कान नाई."

पलीकडे चढलो.

घरी आत्याला अंथरुणावर निजवले. मामाजींनी खाटेवरून मान वळवून पाहिले. त्यांना बोलता येत नाही.

मनोहर जाताना म्हणाला, मालक म्हणून राहिले, मास्तरचे शॉकप नरम आहेत, उद्या काढून ट्रकचे घाला, अठरा पेट्यांना टिकणार नाहीत. म्हटले, काढलेस तर मला परत दे. तो म्हणाला, मालकाला विचारतो. माझे शॉकप मला द्यायचे की नाही हे मालकाला विचारतो!

बाया दुपारनंतर बगीच्यात गेल्या. अर्धा दिवस भरायला. मुनीमने घेतले नाही. उद्या या म्हणाला.

तो खण्ण आवाज. कमानीचा पट्टा असेल. किंवा नुसता दगड. आत्याला विचारले, दुखते का? म्हणाली, थोडे. मागच्या वेळीही पहिल्या दिवशी थोडेच होते.

३ डिसें.

सकाळी सहाला उठलो. तिला उठवले नाही, ती जागीच होती. हात धुतले. पट्टी उचलली. पट्टी कोरडी. पांढरे पांढरेच, एका कोपऱ्यात गुलाबी, ते सुरुवातीपासून होते की काल झाले, सांगता येत नाही. डॉक्टरला सोमवारी दाखवायचे. दाराकडे पाठ करून तिच्यासमोर बसलो, बोटे धरली, विचारले, किती?

म्हणाली, "बोटं नको दाखवू. बाजूले हो, उजेड अडवून राहिला."

बाजूला झालो. मोहगावहून पांढुर्ण्याला जाणारी सव्वासातची बस गेली.